कॅसेटची उरलेली दहा मिनिटं

नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. वायर या बँडचा पहिला अल्बम, ‘पिंक फ्लॅग’, जेमतेम पस्तीस मिनिटांचा. तो अख्खा एका बाजूवर भरला तरी शेवटी दहा मिनिटं टेप कोरी राहते. १९९३ साली पुण्यात, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, एका सीनियरने मला जी कॅसेट दिली तिच्यात ती दहा मिनिटं कोरी नव्हती. त्याच्या भावाने इंग्लंडहून भरून पाठवलेली कॅसेट होती ती, आणि भावाने जागा वाया जाऊ दिली नव्हती. एकविसावं गाणं संपायचं, थोडी खरखर व्हायची, आणि मग माणसं ओरडायला लागायची.

पुष्कळ माणसं. मोठ्या हॉलमधली. कुणी कसलंसं नाव घेऊन ओरडतंय, कुणी चिडून काही बोलतंय, मधेच काहीतरी फुटल्यासारखा आवाज. मागे वाद्यं वाजताहेत, पण त्याला गाणं म्हणावं असं काही हाताला लागत नाही. पुन्हा पुन्हा तोच ठोका, त्यावर एक माणूस काही सांगितल्यासारखा ओरडतोय. मग एकदम टेप संपायची आणि बटण खटकन वर यायचं.

कॅसेटच्या कार्डावर बारीक अक्षरात एकवीस गाण्यांची नावं होती. या दहा मिनिटांचा उल्लेख कुठेच नव्हता. सीनियरला विचारलं तर तो म्हणाला, चुकून काही रेकॉर्ड झालं असेल. भाऊ तोवर कॅनडात गेलेला. आम्ही त्या भागाला ‘दंगल’ म्हणायचो. परीक्षेच्या दिवसांत रात्री दोन वाजता हळू आवाजात लावलेली ती दंगल मला मूळ अल्बमइतकीच पाठ झाली. ती कुणाची, कुठली, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ते मला कागदावरून कळलं नाही, माणसांकडून कळलं. म्हणून हे लिहितो आहे.

ओरडणारा श्रोता ऐकायची सवय मला माझ्या मामाने लावली होती. सदाशिव पेठेतल्या त्याच्या दोन खोल्यांत स्पूलच्या टेपांचं एक कपाट होतं. कुणाच्या वाड्यात, कुणाच्या दिवाणखान्यात झालेल्या खासगी मैफिलींची ध्वनिमुद्रणं. टेपवर गवयाच्या आवाजाबरोबर कपबशा वाजायच्या, कुणी खोकायचं, एखादी ‘वा!’ अर्धा श्वास आधीच यायची. ती आधी आलेली ‘वा!’ ऐकून मामा म्हणायचा, “याला जागा कुठे येणार ते कळलंय. नुसता गवई ऐकू नकोस, समोर कोण बसलंय तेही ऐक.” रविवारी त्याचे मित्र जमायचे आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या मैफिलीवर, जिला त्यांतले निम्मेच हजर होते, दोन दोन तास वाद घालायचे. त्या दिवशी तबल्याला कोण होतं. मध्यंतरानंतर आधी कुठला राग झाला. माझ्या लहानपणी रसिक म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर हीच माणसं यायची, झालेलं गाणं वर्षानुवर्षं बोलून जिवंत ठेवणारी.

वायरबद्दल थोडं सांगायला हवं. लंडन, १९७६. कॉलिन न्यूमन गातो आणि गिटार वाजवतो, ग्रॅहम लुईस बेस वाजवतो आणि अधूनमधून गातो, ब्रूस गिल्बर्ट गिटारवर, रॉबर्ट गोटोबेड ड्रम्सवर. पुढे हाच रॉबर्ट ग्रे या नावाने वाजवू लागला. यांतला कुणी मुरलेला वादक नव्हता. न्यूमन वॉटफर्डच्या आर्ट स्कूलचा विद्यार्थी, गिल्बर्ट तिथलाच ध्वनिचित्र विभागातला तंत्रज्ञ आणि वयाने तिशीच्या पुढचा. एप्रिल १९७७ मध्ये रॉक्सी क्लबमध्ये ते वाजले तेव्हा ध्वनिमुद्रण चालू होतं. तिथे येणाऱ्या पंक बँडांच्या त्या संकलनात यांचीही दोन गाणी आली. त्यांतलं एक ‘वन टू एक्स यू’. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

‘पिंक फ्लॅग’ आला त्याच वर्षाच्या अखेरीला. शब्द संपले की गाणं संपवायचं, हा त्यांचा नियम. एक गाणं अठ्ठावीस सेकंदांचं आहे. पंकचा वेग त्यात आहे, पण पंकचा राग नाही. त्याजागी एक थंड, कोरडी नजर आहे. १९७८ मध्ये ‘चेअर्स मिसिंग’ आला, १९७९ मध्ये ‘१५४’. तीन वर्षांत तीन अल्बम, आणि तिन्हींची जातकुळी वेगळी. ‘१५४’ हे नाव कुठून आलं ते कळलं तेव्हा मी हरखलो होतो: तोवर त्यांचे तेवढे गिग झाले होते. स्टुडिओतल्या अल्बमला मंचावरच्या हजेऱ्यांचा आकडा!

आणि मंचावर ते काय करायचे? नुकताच आलेला अल्बम ऐकायला लोक तिकीट काढून यायचे आणि हे पुढच्या अल्बमची गाणी वाजवायचे. ‘पिंक फ्लॅग’च्या ओढीने आलेल्यांसमोर ‘चेअर्स मिसिंग’ घडत होता, त्यासाठी आलेल्यांसमोर ‘१५४’. फेब्रुवारी १९७९ मध्ये कोलोनला जर्मन टेलिव्हिजनच्या ‘रॉकपालास्ट’ कार्यक्रमासाठी झालेलं त्यांचं वादन आज डीव्हीडीवर बघता येतं. चौघे तरुण, हालचाल अगदी मोजकी. एक गाणं संपतं, दुसरं सुरू होतं, मधे गोड बोलणं नाही. मला विचाराल तर त्यांच्या पहिल्या पर्वाचा सगळ्यात स्वच्छ पुरावा तोच. पण चाहते जमले की त्याच्यावर फार बोलत नाहीत. चांगल्या झालेल्या कार्यक्रमावर बोलण्यासारखं थोडंच असतं. बोलणं सुरू होतं ते एक वर्षानंतरच्या रात्रीवर.

मी नोकरीसाठी लंडनला गेलो तो २००९ मध्ये. पहिल्या दोन वर्षांत वायरचे तीन गिग पाहिले आणि तिन्ही वेळा बाहेरच्या रांगेत तेच एक गृहस्थ भेटले. छापखान्यातून निवृत्त झालेले, उंच, हातात कायम कापडी पिशवी. तिसऱ्या वेळी त्यांनीच विचारलं, तुम्ही कुठून ऐकायला लागलात. मी कॅसेटची गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता त्या दहा मिनिटांचीही. त्यांनी मला मधेच थांबवलं. “तो माणूस नेमका काय ओरडतोय?” मी दोन-तीन शब्द आठवतील तसे म्हणून दाखवले, ठोका मांडीवर वाजवून दाखवला. ते काही क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, “मी त्या ओरडणाऱ्या माणसांत आहे.”

२९ फेब्रुवारी १९८०. लंडनच्या कॅम्डनमधला इलेक्ट्रिक बॉलरूम हा हॉल. तेव्हा त्यांचं वय एकोणीस. ‘१५४’ येऊन काही महिने झालेले, तिन्ही अल्बम तोंडपाठ, आणि ते ऐकायला गेले होते ‘वन टू एक्स यू’. मंचावर जे घडलं ते त्यांनी मला रांगेत सांगितलं, मग पबमध्ये पुन्हा, मग पुढच्या काही वर्षांत कितीदा तरी. जवळजवळ सगळी गाणी नवीन, कुणीच कधी न ऐकलेली. एका बाईने दोरीला बांधलेले दोन पुरुष आणि एक फुगवलेलं जेट विमान ओढत नेलं. डोक्यावर वर्तमानपत्रांचे मुकुट घातलेले डझनभर लोक ठोके वाजवत होते. कुणीतरी गॅसच्या शेगडीवर हातोडी घालत होतं. कधीतरी आतून दिवा लावलेला एक हंस आला. लोक भडकले. बाटल्या आल्या. फर्माईश म्हणून ‘वन टू एक्स यू’चा घोष सुरू होता, आणि बँडने त्या गाण्याचा एक तुकडा फेकल्यासारखा वाजवला.

फर्माईश हा शब्द तिथे माझ्या मनात आपोआप आला. आपल्याकडे ती चिठ्ठीवर लिहून येते, हातोहात पुढे सरकते, गवई ती वाचतो, हसतो, पेटीवर ठेवून देतो. कधी पुरी करतो, कधी नाही. न केल्याचं कुणाला फारसं वाईट वाटत नाही, कारण मागणाऱ्यालाही ठाऊक असतं की गवयाचा आजचा रंग कुठला ते गवईच ठरवणार. कॅम्डनच्या त्या रात्री दोन्ही बाजूंना हा समजुतीचा धागा नव्हता. बँडला वाटत होतं, आपण पुढे निघून आलो आहोत आणि लोकांनी यावं. लोकांना वाटत होतं, आपल्याला फसवलं. त्या गृहस्थांनी बाटली फेकली नव्हती, हे ते आवर्जून सांगायचे. पण ओरडले होते, आणि अर्ध्यातून निघून गेले होते. “बसने घरी जाताना मी रडलो,” ते म्हणाले. “माझा बँड मेला असं वाटलं मला.”

तसं म्हटलं तर मेलाच. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी संबंध आधीच तुटले होते आणि त्या रात्रीनंतर वायर पाच वर्षं एकत्र मंचावर आला नाही. १९८१ मध्ये रफ ट्रेड या दुसऱ्या कंपनीने त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण ‘डॉक्युमेंट अँड आयविटनेस’ या नावाने काढलं, सोबत जुलै १९७९ च्या, लंडनच्याच नोत्र दाम हॉलमधल्या वादनाचं. एका तुकड्याच्या नावातच ‘फेकलेली बाटली’ आहे. गाण्यांच्या मधे त्या रात्री हजर असलेल्यांचं बोलणं ऐकू येतं: काय पाहिलं, मग काय झालं. चाहत्यांचं बोलणं अल्बममध्येच घेतलेलं! मी जेव्हा ती रेकॉर्ड त्या गृहस्थांच्या घरी पहिल्यांदा अख्खी ऐकली, तेव्हा मधेच माझी दंगल आली. तीच खरखर, तोच घोष, तोच फुटल्याचा आवाज. पण या वेळी ती दहा मिनिटांनी संपली नाही. वीस वर्षं जिथे बटण वर यायचं तिथून ती पुढे चालत राहिली. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो, आणि ते मला बसायला सांगत नव्हते.

त्या दिवसापासून आमच्यात एक विषय कायमचा झाला: न झालेला चौथा अल्बम.

‘१५४’ नंतर चौथ्या अल्बमपुरती गाणी या लोकांकडे होती. नोव्हेंबर १९७९ मध्ये लंडनच्या जेनेटा कॉक्रेन थिएटरमध्ये ओळीने चार रात्री त्यांनी प्रयोग केले, तिथे ती वाजली. नोत्र दाम हॉलमध्ये वाजली, इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये वाजली. स्टुडिओत वायर म्हणून त्यांतली बहुतेक कधी नोंदलीच गेली नाहीत. मग ती गेली कुठे? न्यूमनने १९८० मध्ये ‘ए-झेड’ काढला. त्यात ड्रम्सवर गोटोबेडच आहे आणि निर्माता माइक थॉर्नही तोच, वायरच्या तिन्ही अल्बमांचा. १९८२ च्या ‘नॉट टू’मध्ये ‘वी मीट अंडर टेबल्स’ आणि ‘फाइव्ह टेन’ ही इलेक्ट्रिक बॉलरूममधली गाणी पुन्हा भेटतात, नीट इस्त्री करून आलेली. ‘अवर स्विमर’ रफ ट्रेडवर सिंगल म्हणून आलं. बाकीची लोकांच्या टेपांवर राहिली. ज्याच्याकडे जेवढं आहे तेवढं त्याने जपलेलं, पाठवलेलं, दुसऱ्याच्या टेपशी ताडून पाहिलेलं. हा अल्बम वेगवेगळ्या घरांतल्या कपाटांत विखुरलेला होता. बँडलाही हे ठाऊक होतं. बूटलेग म्हणजे परवानगीशिवाय फिरणारं ध्वनिमुद्रण; २०१० मध्ये त्यांनी स्वतःच ‘लीगल बूटलेग’ नावाने जुन्या वादनांची ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे काढायला घेतली.

गृहस्थांची एक मैत्रीण होती. लीड्सला शाळेत शिकवणारी, त्यांच्याच वयाची, तीही त्या रात्री हॉलमध्ये. या बाई शेवटपर्यंत थांबल्या होत्या. त्यांना ते आवडलं होतं! “तुला गाणी हवी होती,” त्या त्याला म्हणायच्या, “मला पुढे काय होतंय ते हवं होतं.” तीस वर्षांहून जास्त चाललेला हा वाद मी प्रत्यक्ष ऐकला. दोघांच्या बाजूला बसून चहा पिताना मला मामाच्या खोलीत बसल्यासारखं वाटायचं.

बाईंचा जीव गिल्बर्ट आणि लुईस यांच्या उद्योगांवर. वायर थांबल्या थांबल्या ते दोघे ‘डोम’ म्हणून काम करू लागले. साउथवर्कमधल्या एका जुन्या चर्चमध्ये ब्लॅकविंग नावाचा स्टुडिओ होता. तिथे फारसं काही आधी न ठरवता जायचं आणि जे घडेल ते नोंदायचं. १९८० आणि १९८१ मध्ये मिळून तीन अल्बम, चौथा १९८३ मध्ये. हे ऐकायला सोपं नाही. गिटार आहे, पण तिला गिटारीसारखं वाजू दिलेलं नाही. कुठे श्वास, कुठे पत्र्यासारखा नाद, आणि मधेच लुईसचा अतिशय सुंदर, जड आवाज एखादी ओळ गाऊन निघून जातो. म्यूट या रेकॉर्ड कंपनीच्या डॅनियल मिलरबरोबर त्यांनी ‘ड्युएट एमो’ केलं. नाव चमत्कारिक वाटतं, पण ते म्यूट आणि डोम यांची अक्षरं उलटसुलट करून बनलेलं आहे. १९८१ मध्ये रसेल मिल्स या चित्रकाराबरोबर वॉटर्लू गॅलरीत त्यांनी एक मांडणी केली. तिथे सापडलेल्या वस्तूंची वाद्यं, आणि बघायला येणाऱ्यांनी ती वाजवायची. त्या आवाजांतून ‘म्झुई’ हा अल्बम झाला.

‘म्झुई’बद्दल बाईंनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला ती दंगलच आठवली. दीड वर्षापूर्वी लोक बाटल्या फेकत होते. आता त्यांनाच आत बोलावून सांगितलं होतं, वाजवा. हे मुद्दाम केलं होतं असा माझा दावा नाही. पण मी ‘म्झुई’ ऐकतो तेव्हा इलेक्ट्रिक बॉलरूममधल्या त्या चिडलेल्या जमावाला कुणीतरी बसायला जागा दिली असं मला वाटतं. हे मी बाईंना बोललो. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी ती रेकॉर्ड पिशवीत घालून माझ्या हातात दिली. परत घेतली नाही.

‘साइड प्रोजेक्ट’ हा शब्द चाहत्यांच्या तोंडी असतो, माझ्याही असतो. वायरच्या बाबतीत तो मला कमी पडतो. मुख्य रस्ता आणि बाजूची गल्ली असा हा मामला नाही. हा बँड दर काही वर्षांनी थांबतो आणि प्रत्येक थांब्यावर चौघे चार दिशांना जाऊन काहीतरी शिकून येतात. १९८५ मध्ये ते पुन्हा जमले आणि १९८७ मध्ये ‘द आयडियल कॉपी’ आला, तेव्हा त्यात डोमचे कान आहेत आणि न्यूमनची चाल आहे. लुईसच्या ‘ही सेड’चा ‘हेल’ १९८६ चा. तो ऐकल्याशिवाय वायरचं ते दुसरं पर्व अर्धंच कळतं. १९९० पर्यंत यंत्रांनी ठोके धरले. ड्रमर म्हणून आपल्याला काम उरलं नाही असं वाटून रॉबर्ट निघाला. उरलेल्या तिघांनी नावातलं शेवटचं इंग्रजी अक्षर गाळून टाकलं, ‘Wire’चं ‘Wir’, चार अक्षरांतली तीन, आणि त्या नावाने १९९१ मध्ये ‘द फर्स्ट लेटर’ काढला. एक माणूस गेला तर नावातून एक अक्षर जातं. माणसाच्या जाण्याची इतकी सरळ नोंद मी दुसऱ्या कुठल्या बँडकडून पाहिलेली नाही.

रॉबर्टने त्या वर्षांत शेती केली. गिल्बर्ट लंडनच्या ‘डिसओबे’ नावाच्या क्लबमध्ये बागेतल्या लाकडी खोपटात बसून रेकॉर्ड लावायचा, नाव घेतलं होतं डीजे बीकीपर. लुईस स्वीडनमध्ये उप्सालाला जाऊन राहिला. न्यूमनने मिनिमल कॉम्पॅक्ट या बँडमधल्या माल्का स्पिगेलशी लग्न केलं. दोघांनी मिळून ‘स्विम’ ही कंपनी काढली, ‘इमर्शन’ या नावाने संगीत केलं. पुढे २००४ मध्ये स्कॅनर या नावाने संगीत करणारा रॉबिन रिम्बॉ याला घेऊन ‘गिटहेड’ उभा राहिला, आणि त्यात मिनिमल कॉम्पॅक्टचाच ड्रमर मॅक्स फ्रँकेनही आला. गिटहेडवर गृहस्थांचं फार प्रेम. त्यांचं म्हणणं, न्यूमन इथे मोकळा श्वास घेतो, बाजूला बायको बेस वाजवते आहे ते ऐकू येतं. मला गिटहेड आवडतो, पण त्यात धोका कमी आहे. वायरमध्ये पुढचं पाऊल खड्ड्यात पडू शकतं असं सतत वाटतं. त्या भीतीवर मी वाढलो.

फर्माईशीचं काय झालं तेही सांगतो. १९८७ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर जाताना जुनी गाणी वाजवायची नाहीत असं ठरलं होतं. लोक ‘पिंक फ्लॅग’ मागणार हेही नक्की. न्यू जर्सीतल्या होबोकेनमध्ये वायरचीच गाणी वाजवणारा ‘एक्स लायन टेमर्स’ हा चाहत्यांचा बँड होता, त्याला त्यांनी सपोर्ट म्हणून बरोबर घेतलं. आधी ही मुलं ‘पिंक फ्लॅग’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणार, मग वायर येऊन नवीन वाजवणार. लोकांना याची गंमत वाटते. मला यात मोठा आदर दिसतो. आमची जुनी गाणी तुम्हाला आमच्याहून जवळची आहेत, तेव्हा तुम्हीच वाजवा, असं मूळ गायकाने चाहत्याला सांगणं! आणि त्या पोरांचं काय झालं असेल: रोज रात्री आपलं गाणं संपवून, घाम पुसत, बाजूला उभं राहून ज्यांची नक्कल केली त्यांना ऐकायचं.

स्वतः वायरने ‘पिंक फ्लॅग’ अख्खा वाजवला तो एप्रिल २००३ मध्ये, लंडनच्या बार्बिकनमध्ये, आणि तोही दुसऱ्या भागात नवा ‘सेंड’ वाजवण्याच्या अटीवर. दुसऱ्या भागासाठी मंचाची रचना एस डेव्हलिनने केली होती. ती तेव्हा नाटकांसाठी काम करायची, संगीताचे मोठमोठे मंच तिने पुढे केले. तिने चौघांना चार वेगळ्या चौकटींत बसवलं. गृहस्थ तिथे होते. म्हणाले, “चौघे इतके वेगळे उभे दिसले की मला कळायला हवं होतं.” पुढच्याच वर्षी गिल्बर्ट बाहेर पडला.

त्यानंतरचा वायर हा वायर का, यावर चाहते अजून भांडतात. बाईंचं उत्तर नाही असं होतं. गिल्बर्ट नाही तर तो गोंधळ घालणारा हात नाही, आणि तो हात नसेल तर उरतो फक्त चांगला बँड. माझं उत्तर वेगळं आहे, आणि ते मी ऐकून दिलेलं आहे. मॅथ्यू सिम्स हा त्यांच्याहून खूप लहान गिटारवादक २०१० मध्ये आला. मी पाहिलेल्या गिगमध्ये तो जवळजवळ पूर्ण वेळ मान खाली घालून गिटारीतून आवाज काढत होता, आणि ते आवाज गाण्याच्या कडा सतत खात होते. न्यूमन मधे, समोर पडद्यावर शब्द. लुईस बेस घेऊन लोकांकडे रोखून बघणारा. मागे रॉबर्ट ग्रे, पाठ ताठ, समोर अगदी मोजके ड्रम्स, एकही ठोका शोभेसाठी नाही. साठीतला माणूस तासभर तोच एक ठोका इतका सरळ धरून ठेवतो की शेवटी तो ठोका आपल्या छातीत आहे की त्याच्या पायात, कळेनासं होतं. त्या रात्रीही सेटमध्ये बहुतेक नवीनच होतं. मागून कुणी ‘वन टू एक्स यू’ म्हणून ओरडलं. गृहस्थ वळून त्या मुलाकडे बघू लागले. रागाने नाही. त्यांनी नुसता हात वर केला, लांबून ओळखीच्या माणसाला करतात तसा.

मार्च २०१३ मध्ये ‘चेंज बिकम्स अस’ आला. १९७९ आणि १९८० च्या त्या अर्धवट राहिलेल्या गाण्यांवर, त्या तुकड्यांवर पुन्हा काम करून केलेला अल्बम. न झालेला चौथा अल्बम असा आडून, तेहतीस वर्षांनी आला. पहिल्या रविवारी गृहस्थांच्या घरी आम्ही तिघे जमलो. बाई सकाळच्या गाडीने लीड्सहून आल्या होत्या. टेबलावर दोन गोष्टी: १९८१ ची रेकॉर्ड आणि नवी सीडी. एक तुकडा जुन्याचा, मग त्याच्यातून उगवलेलं नव्यातलं गाणं, असं आम्ही ऐकत गेलो. जुन्यातलं ‘ईल्स सँग लायनो’ नव्यात ‘ईल्स सँग’ म्हणून आलं आहे. जुन्यात ते चिडलेल्या लोकांच्या आवाजात निम्मं बुडालेलं. नव्यात खोली स्वच्छ, ठोका ठाशीव, प्रत्येक शब्द कळतो. समोर कुणी ओरडत नाही.

गाणं संपल्यावर कुणी बोलेना. मग गृहस्थ म्हणाले, “हे मला तेव्हा असं ऐकू आलं असतं तर मी थांबलो असतो.” बाई म्हणाल्या, “हे तेव्हा असंच होतं. तू ऐकत नव्हतास.” दोघांचंही बरोबर आहे असं मला वाटलं आणि मी ते बोललो नाही, कारण तो वाद त्यांचा होता. मला मात्र नव्या गाण्यात काहीतरी हवं होतं जे तिथे नव्हतं. मला ती माणसं हवी होती. त्यांचं ओरडणं मला इतकं पाठ होतं की त्यांच्याशिवाय गाणं उघडं वाटत होतं.

२०१६ मध्ये मी पुण्याला परत आलो. येताना कॅसेट बरोबर होती. टेप आता चिकटते, वाजवायची हिंमत होत नाही. मामा गेला. त्याच्या स्पूल टेपा एका संग्राहकाकडे गेल्या आणि तिथे त्या नीट आहेत.

दर नाताळाला लंडनहून फोन येतो. मागच्या वेळी दोघेही तिथेच होते, म्हणून एकामागोमाग एक बोलले. गृहस्थांना गेल्या काही दिवसांत त्या रात्रीतलं नवीन काही आठवलं होतं: दिवा लावलेला तो हंस. तो मंचाच्या डाव्या बाजूने आला, त्यांना आता खात्री होती, कारण निघून जाताना दारातून त्यांनी शेवटचं वळून पाहिलं तेव्हा तोच दिसत होता, अंधारात पिवळा. रेकॉर्ड मी नंतर पुन्हा लावून ऐकली. हंस कुठून आला ते ध्वनिमुद्रणात कळायचा प्रश्नच नाही. पण मी ऐकली.

बाईंनी फोन हातात घेतला आणि पहिलंच वाक्य म्हटलं, “उजवीकडून.”